चढणीचा हिशेब आणि विजेची सायकल

कुंभार पिंपळगावच्या काळ्या, सपाट रानवाटांवर सायकल हाकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस डोंगराचा हिशेब सहसा ठाऊक नसतो. तो अवघड नाही. स्वार व सायकल मिळून ९० किलो वजन १०० मीटर उंच चढवावयास सुमारे ८८,००० ज्यूल ऊर्जा लागते. गिअर हलका केल्याने पायांवरील जोर घटतो, परंतु पायडल अधिक वेळा फिरवावे लागते. चढणीचे काम तेवढेच राहते. विजेच्या सायकलीची २५० वॅटची मोटार त्यातील बराच वाटा उचलते. मात्र सारा भार तिच्यावरच टाकल्यास तिलाही सहा मिनिटे लागतील!

विद्यार्थी मित्रहो, खरी कसोटी उतारावर लागते. चढताना साठलेली ती ऊर्जा सावकाश खाली येताना बहुतांशी ब्रेकांनाच उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते; बॅटरीचे वजन असल्यास ती अधिकच. त्यात रिम ओली असली म्हणजे रबरी ब्रेक निसटतात. म्हणून वळण येण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून वेग आवरावा. पुढचा ब्रेक एकाएकी आवळणारा स्वार तोंडघशी पडतो. पावसाळ्यात आपल्या रानातील चिखल चाक व मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसतो. तो काडीने काढून ब्रेक तपासल्यावाचून आम्ही कोणासही उतारावर सोडीत नाही.