रंग आणि रूप

सन १४७० च्या आगेमागे अफनासी निकितिन नामक एक रशियन व्यापारी आपल्या शेजारच्या चौल बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवृत्तांतात असे नमूद आहे की, तो जिकडे जाई तिकडे लोकांचा घोळका त्याच्या मागे चाले; कारण गोरा मनुष्य ही त्या लोकांस नवलाची गोष्ट होती. ह्या प्रवाशाचे स्मारक आपल्या रेवदंड्यात आहे. ज्या किनाऱ्यावर गोरी कातडी पाहून लोक चकित होत, त्याच किनाऱ्यावर आज आपल्या मुली आरशापुढे उभ्या राहून आपल्या रंगाबद्दल खंत करितात. ह्या गोष्टीचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या किनाऱ्याने अनेक रंगांची माणसे पाहिली आहेत. अरब आले, पोर्तुगीज आले, आणि आफ्रिकेतून हबशीही आले. मुरुडजवळील जंजिऱ्यावर हबशी वंशाच्या सिद्दींचे राज्य १९४८ सालापर्यंत होते. मलिक अंबर हा आजच्या इथिओपियात जन्मलेला व गुलाम म्हणून विकला गेलेला पुरुष. तोच पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने मोगलांस अनेक वर्षे थोपवून धरिले आणि १६१० साली खडकी हे शहर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर होय. अशा पुरुषाच्या योग्यतेचे माप त्याच्या वर्णावरून कोण काढील?

परंतु स्त्रियांच्या बाबतीत आपण हेच माप सर्रास लावितो. पंढरीच्या सावळ्या विठोबाचे गुणगान महाराष्ट्राने शतकानुशतके केले. द्रौपदीस तिच्या वर्णावरून 'कृष्णा' हे नाव पडले. तथापि मुलगी दाखविण्याचा प्रसंग आला की, 'रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस' असे आपण सहज बोलून जातो. ह्यातील 'पण' हा शब्द दोनच अक्षरांचा. त्याने मुलीच्या मनावर होणारा घाव मात्र लहान नसतो. सावळेपणा हा जणू अपराध, आणि नाकडोळे ही त्याची भरपाई!

ह्या 'पण'चा व्यापार कसा चालतो तो पाहा. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे क्रीम आपल्या देशात बाजारात आले. त्याच्या जाहिरातींतील कथा बहुधा एकाच साच्याची असे. सावळी मुलगी उदास असते, तिला नोकरी अथवा वर मिळत नाही. ती क्रीम लाविते, उजळते, आणि सर्व काही तिच्या पदरी पडते. स्त्रीसंघटनांनी तक्रारी केल्यावर २००३ साली अशा काही जाहिराती मागे घेण्यात आल्या. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मुंबईच्या परिषदेने २०१४ साली नियम केला की, सावळ्या व्यक्तीस दुःखी अथवा अनाकर्षक म्हणून दाखवू नये. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांचीही कथा अशीच आहे. कातडी उजळविण्याच्या व केस सरळ करण्याच्या औषधांच्या जाहिराती त्यांच्याच समाजाच्या वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे छापल्या जात. १९६० च्या दशकात 'काळे ते सुंदर' ही घोषणा देऊन तेथील लोकांनी त्या समजुतीस विरोध केला. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि वर्णभेदाविरुद्ध जगभर चळवळ उठली. त्याच वर्षी वर सांगितलेल्या क्रीमच्या नावातील 'फेअर', म्हणजे गोरा, हा शब्द जाऊन 'ग्लो', म्हणजे तेज, हा शब्द आला. नाव पालटले, लोकांच्या मनातील 'पण' पालटला काय?

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या व काळ्या माणसांत ह्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या किती व कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवितात ह्यात. हे द्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून कातडीचे रक्षण करिते. कोकणच्या उन्हात वावरणाऱ्यांस ही देवाने दिलेली छत्रीच होय. काही क्रीमांत पारा घातलेला असतो. तो मेलॅनिन बनू देत नाही. परंतु कातडीवाटे रक्तात शिरून मूत्रपिंडांस इजा करितो. अकोल्याच्या एका कुटुंबातील आई व दोन मुली अशा तिघींस क्रीमच्या वापराने मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा असल्याचे आढळले. आम्ही साजशृंगाराचा निषेध करीत नाही. स्वच्छता, नीटनेटकेपणा, सणावारी केसांत गजरा, ह्यांत वावगे ते काय? परंतु आपला रंग हा रोग मानून त्यावर विष चोळावे, हे शहाणपणाचे नव्हे.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी मनुष्याने आपले माप आपणांसच लावून पाहावे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या नाटकासाठी आम्ही मुली निवडल्या. देवदूत झाल्या त्या सर्व गोऱ्या. सावळ्यांच्या वाट्यास मेंढपाळांची कामे आली. आमचा हेतू वाईट नव्हता, विचारच नव्हता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी तोंडास भरपूर पावडर फासून आमच्यापुढे उभी राहिली व म्हणाली, "बाई, आता मला देवदूत कराल का?" आम्हांस उत्तर सुचले नाही. बेथलेहेमच्या मेंढपाळांस दर्शन देणाऱ्या देवदूताचा वर्ण लूकने कोठे सांगितला आहे? मरीया तर गालीलातील यहूदी कन्या. युरोपीय चित्रांतील गोरी मरीया ही त्या चित्रकारांच्या देशाची.

त्या रात्री आम्ही गीतरत्नाचा पहिला अध्याय उघडला. त्यातील वधू आपला काळा वर्ण आणि आपले सौंदर्य ही दोन्ही यरुशलेमेच्या कन्यांस एका दमात सांगते. मूळ इब्री भाषेत ह्या दोन विशेषणांस जोडणारे एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ 'आणि' असा होतो, तसाच 'पण' असाही होतो. प्राचीन ग्रीक भाषांतराने 'आणि' घेतला. लॅटिन भाषांतराने 'पण' घेतला, व पुढील अनेक भाषांतरे त्याच वाटेने गेली. अलीकडील काहींनी पुन्हा 'आणि' स्वीकारला आहे. एका अक्षराने केवढा भेद पडतो पाहा! एकीत काळेपण हे वैगुण्य ठरते, दुसरीत ते रूपाचाच भाग होते.

त्या मुलीस त्याच वर्षी देवदूताचे काम दिले, आणि तोंड धुऊन रंगमंचावर यावयास सांगितले. तिने आपली वाक्ये स्पष्ट व निर्भयपणे म्हटली.

मातापित्यांस आमची एवढीच विनंती आहे की, घरात मुलीविषयी बोलताना जिभेवर 'पण' आला, तर क्षणभर थांबावे व त्या जागी 'आणि' घालावा. आणि मुलींनो, जाहिरात पाहाल तेव्हा प्रथम हे विचारा की, आपणांस दुःखी करून ह्यात कोणाचा लाभ होत आहे?