लावणीनंतरचा भात सल्ला : शेवाळाला लोह मिळेल असे पाणी राखा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील मुळशी, मावळ, भोर भागात आता लावण्या उरकत आल्या आहेत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा इंद्रायणी भात 1987 पासून आपल्या खाचरांत आहे. त्याला नत्र पुरवणारा एक सोबती मात्र आपण विसरतो. तो म्हणजे निळे-हिरवे शेवाळ. हवेतला नत्र बांधून ते हेक्टरी 20 ते 30 किलोपर्यंत देऊ शकते, पण त्यासाठी त्याला लोह लागते.

लोह कशाला?
नत्र बांधणाऱ्या विकराच्या मुख्य भागातच लोहाचे 30 अणू असतात. सूर्यप्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेलाही लोह हवेच. आपली माती तांबडी, म्हणजे लोह भरपूर. पण गंजलेल्या रूपातले लोह विरघळत नाही. खाचरात पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो आणि लोह विरघळू लागते. वरच्या पाण्यात हवा लागताच ते पुन्हा गंजते. त्यावर ॲनाबिना या शेवाळाने उपाय शोधला आहे. ते शायझोकायनेन नावाचा पदार्थ पाण्यात सोडते. तो लोहाला धरतो आणि शेवाळ ही जोडी पेशीत ओढून घेते. लोह फारच कमी पडले, तर शेवाळ फिके पडते आणि नत्र बांधणे मंदावते.

काय करावे?
• लावणीनंतर 8 ते 10 दिवसांनी, पाऊस उघडलेला असताना, साचलेल्या पाण्यावर शेवाळखत फेकावे. प्रमाण हेक्टरी 10 ते 20 किलो. पाकिटावरची सूचना पाहावी.
• त्याआधी बांधातली खेकड्यांची बिळे बुजवावीत. पाणी वाहून गेले, तर शेवाळ आणि त्याने धरलेले लोह दोन्ही जाते.
• रोपांनी मूळ धरल्यावर 5 सें.मी. पाणी राखावे. खाचर सुकले की लोह पुन्हा गंजते.
• युरिया पाण्यावर फोकू नये. पाण्यातच आयता नत्र मिळाला की शेवाळ हवेतला बांधत नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी 7 ते 10 सें.मी. खोल खोचलेली असेल, तर वरचे पाणी शेवाळासाठी मोकळे राहते.
• स्फुरद कमी पडू देऊ नये. शेवाळालाही तो लागतो.
• मोरचुदाची फवारणी खाचरात टाळावी. तांब्याने शेवाळ मरते.

पुढच्या हंगामासाठी
मूळ शेवाळ उपलब्ध आहे का, याची चौकशी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा तालुका कृषी कार्यालयात आतापासूनच करून ठेवावी. मार्च ते मे या कडक उन्हात प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ वाफ्यात, आपल्याच खाचराची माती घालून ते घरी वाढवता येते. ज्या मातीत पुढे राबायचे, तिची सवय शेवाळाला तिथेच लागते.

यंदा मात्र आधी बांध पाहा. पाणी टिकले, तर लोह टिकेल आणि शेवाळ आपले काम करील.