गाडीखान्याचे दार



आज आपण दाराविषयी वाचू. दार आपण दिवसातून वीस वेळा उघडतो आणि वीस वेळा लावतो. पण त्याच्याकडे नीट पाहतो कधी? ते कुरकुरले, अडले, नाही तर निखळले, की मग पाहतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच हे.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे दाराला काम मोठे आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचून घरी येतो. भाव नसला की शेतकरी म्हणतो, "थांबू थोडं, भाव चढू दे." मग खोली, ओसरी, गाडीखाना, सारे कापसाने भरून जाते. वर्षाची कमाई एका दारामागे असते. ते दार धड नसेल तर चोराचे भय, पावसाचे भय, आणि मुलाबाळांच्या हातापायांनाही भय.

पूर्वी गाडीखान्यात बैलगाडी असे. त्याला फळ्यांचे दार आणि आतून अडसर असे. आता तिथे ट्रॅक्टर नाही तर मोटारसायकल उभी असते. पुष्कळ ठिकाणी लोखंडी शटर आले आहे. दोन्हींची निगा वेगळी. दोन्ही आम्ही सांगतो.

लाकडी दार

श्रावणात दार अडते. लोक म्हणतात, "दार फुगलं." ते खरे आहे. लाकूड पावसाळी हवेतली ओल पिते आणि फुगते. उन्हाळ्यात ते सुकते आणि आकसते.

पण आपल्याकडे दुसरेही एक कारण आहे. ते म्हणजे काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते. मे महिन्यात ऊन ४५ अंशांच्या घरात गेले की तीच माती आकसते, आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया उथळ असेल तर तोही मातीबरोबर वरखाली होतो. मग चौकट तिरपी होते आणि दार अडते.

फुगले काय आणि तिरपे झाले काय, हे ओळखावे कसे? एक सुतळी घ्या. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ती ताणा आणि गाठ मारा. आता तीच सुतळी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावा. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली तर चौकट सरळ आहे, दार नुसते फुगले आहे. गाठ मागेपुढे झाली तर चौकट तिरपी आहे.

दार फुगले असेल तर भर पावसात रंधा मारू नका. पावसाळ्यात तासलेले दार हिवाळ्यात आकसते आणि फट पडते. त्या फटीतून उंदीरही येतो आणि धूळही येते. दिवाळीपर्यंत थांबा. तेव्हाही अडत असेल तरच सुताराला बोलवा.

चौकट तिरपी असेल तर दार तासून भागत नाही. आधी पायाकडे पाहा. न्हाणीचे पाणी भिंतीशी मुरते का? पागोळ्या पायाशीच पडतात का? ते पाणी चर काढून दूर न्या. दाराच्या वर भिंतीला तडा असेल आणि तो वाढत असेल, तर गवंड्याला लगेच दाखवा.

आता वाळवी. ती चौकटीला खालून लागते. वरून लाकूड चांगले दिसते, आत भुसा झालेला असतो. म्हणून चौकटीच्या पायाशी पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर बरे. पोकळ आवाज आला तर टोकाने टोचून पाहा. मातीची बारीक नळी भिंतीवरून चढताना दिसली तर ती वाळवीची वाट समजा. नवी चौकट बसवताना भिंतीत जाणाऱ्या भागाला आधी डांबर लावून घ्या.

बिजागरी कुरकुरली की कोणी गोडेतेल सोडते. दोन दिवस बरे वाटते. मग ते तेल चिकट होते, त्यावर धूळ बसते, आणि बिजागरी आणखी जड होते. शिलाई यंत्राचे तेल आणा. दोन थेंब पुरतात. कुलूप जड चालत असेल तर शिसपेन्सिलीचे शिसे कुटून त्याची पूड चावीला लावा आणि चावी चारदा फिरवा. पुडीला धूळ धरत नाही.

लाकडाला अळशीचे तेल चांगले. पण एक गोष्ट जपा. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला, तर तो आपोआप तापतो आणि काडी न लावता पेटू शकतो. शेजारी कापूस असला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून अशी चिंधी काम होताच पाण्यात बुडवा. नाही तर बाहेर मोकळ्या जागी पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.

लोखंडी शटर

शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या लोखंडी पट्ट्या. दोन्ही बाजूंना खाच असते, तिला चॅनल म्हणतात. पट्ट्या त्यातून वर सरकतात आणि वरच्या नळावर गुंडाळल्या जातात. त्या नळात स्प्रिंग असतात. शटर खाली ओढले की स्प्रिंग पिळली जाते. वर उचलताना तीच स्प्रिंग ओझे उचलते. म्हणून एवढे जड लोखंड एक माणूस उचलू शकतो.

महिन्यातून एकदा शटरची परीक्षा घ्या. मुलांना दूर उभे करा. शटर कमरेपर्यंत उचला. हात सैल करा, पण काढू नका. शटर जागीच राहिले तर स्प्रिंग ठीक आहे. ते धाडकन खाली येऊ लागले तर स्प्रिंग ढिली झाली किंवा तुटली आहे. असे शटर वापरू नका. कारागिराला बोलवा.

स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. "मीच खोलतो, त्यात काय आहे," असे म्हणू नका. पिळलेली स्प्रिंग सुटली की दांडा गरकन फिरतो आणि माणसाचा हात मोडतो. वाचलेली मजुरी मग दवाखान्यात जाते.

चॅनलमध्ये कापसाची बोंदरे आणि काळी धूळ साचते. ती कोरड्या ब्रशाने काढा. तिथे घट्ट ग्रीस थापू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. चॅनलच्या आत मेणबत्ती घासा. शटर हलके सरकते.

गंज खालच्या पट्टीपासून सुरू होतो, कारण पाणी तिथे थांबते. खताची गोणी शटरला टेकवून ठेवू नका. खत ओल धरते आणि लोखंड खाते. गंज दिसला तर काचपेपरने घासा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, तो वाळला की तेलरंग लावा. हे काम सकाळी करा. दुपारी पत्रा तापलेला असतो, रंग नीट बसत नाही.

आणखी एक भय विजेचे. दिव्याची तार शटरला घासत असेल तर तारेचे वेष्टण झिजते आणि सारे शटर वीज धरते. पावसात ओल्या हाताने ते उचलणारा जिवाला मुकतो. तार शटरपासून दूर हवी. शटरला हात लावताच झिणझिण्या आल्या तर पुन्हा हात लावू नका. कोणाला लावू देऊ नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. कोणी चिकटलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज बंद करा.

केव्हा करावे?

वर्षात दोन वेळा पुरतात. एक, मृग लागण्याआधी. तेव्हा गंज काढा, रंग द्या, तारा पाहा, चौकट ठोकून पाहा. दुसरी, पाऊस गेल्यावर, कापूस घरी येण्याआधी. तेव्हा तेल द्या, चॅनल झाडा, कुलूप पाहा.

भुसावळ तालुक्यात तापी नदीवर हतनूरचे धरण आहे. त्याला ४१ दरवाजे आहेत. ऐन पुरात दरवाजा अडला तर चालेल का? म्हणून धरणांच्या दरवाजांची तपासणी पावसाआधी करतात. आपले दार लहान आहे, पण रीत तीच.

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा: "तेल दिले," आणि पुढे तारीख. पुढच्या वेळी आठवावे लागणार नाही. घरात कोणीही वाचील आणि काम करील.

मोठ्याने वाचा : चौकट, उंबरठा, बिजागरी, कोयंडा, अडसर, स्प्रिंग, गंज, वाळवी.

उत्तरे सांगा :
१. श्रावणात दार का अडते? दोन कारणे सांगा.
२. सुतळीने चौकट कशी तपासाल?
३. तेलाची चिंधी कापसाजवळ का ठेवू नये?
४. शटरच्या कोणत्या भागाला आपण हात लावू नये?

घरी करा : आज रात्री आपल्या दाराच्या बिजागऱ्या मोजा. किती आहेत आणि कोणती कुरकुरते, ते वहीत दोन ओळींत लिहून आणा.