चौकाचा न्याय

मुंबईच्या ईशान्येकडील उपनगरांतून शीवपासून ठाण्याच्या दिशेने जो हमरस्ता जातो, त्यास लालबहादूर शास्त्री मार्ग असे नाव आहे. पूर्वी तो आग्रा रोड या नावाने ओळखला जाई. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड ही उपनगरे या रस्त्याच्या सूत्रात मण्यांप्रमाणे ओवली गेली आहेत. एके काळी या मार्गाच्या दुतर्फा अनेक कारखाने होते. त्यांपैकी पुष्कळ बंद पडले आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. वस्ती वाढली, वाहने वाढली. रस्ता मात्र त्या प्रमाणात रुंद झाला नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ येथे वाहनांच्या रांगा लागतात.

या रांगांचे मूळ बहुधा चौकात असते. सरळ रस्त्यावर वाहने एकामागून एक जाऊ शकतात. परंतु चौकात निरनिराळ्या दिशांच्या वाहनांना एकाच जागेवरून जावयाचे असते. ती जागा एका क्षणी एकालाच मिळू शकते. म्हणून चौकातील वेळेची वाटणी करावी लागते. ही वाटणी करणारा न्यायाधीश म्हणजे सिग्नल होय.

या न्यायाधीशाचा इतिहास मनोरंजक आहे. १८६८ साली लंडन येथे पार्लमेंटच्या इमारतीजवळ जगातील पहिला वाहतूक सिग्नल उभारण्यात आला. जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याची ही कल्पना. आगगाडीच्या सिग्नलप्रमाणे त्यास हात होते आणि रात्रीसाठी गॅसचे तांबडे व हिरवे दिवे होते. पुढच्याच वर्षी गॅसच्या गळतीमुळे त्याचा स्फोट झाला व तो चालविणारा पोलीस जखमी झाला. पुढे १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल आला. १९२० साली डेट्रॉइट येथे तांबड्या व हिरव्या दिव्यांच्या जोडीस पिवळा दिवा देण्यात आला.

सिग्नल वेळ वाटतो कसा, हे साध्या गणिताने समजते. समजा, दिव्यांचा एक फेरा १२० सेकंदांचा आहे आणि त्यात हमरस्त्यास ६० सेकंद हिरवा दिवा मिळतो. थांबलेली वाहने सुटू लागली म्हणजे एका रांगेतून साधारणतः दोन सेकंदांस एक वाहन चौक ओलांडते. म्हणजे एका फेऱ्यात एका रांगेतील ३० वाहने पार होतील. आता दर फेऱ्यास ३० ऐवजी ३३ वाहने येऊ लागली, तर तीन मागे राहतील. तासाला असे ३० फेरे होतात. म्हणून तासाभरात ९० वाहने तुंबतील. प्रत्येक वाहनास सहा मीटर जागा धरली, तर ती रांग ५४० मीटर लांब होईल. दर फेऱ्यास तीनच वाहने अधिक आली, पण अर्ध्या किलोमीटरहून अधिक रस्ता अडला!

मग हिरवा दिवा अधिक वेळ का ठेवू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु एकाचा हिरवा दिवा म्हणजे दुसऱ्याचा तांबडा दिवा. हमरस्त्यास अधिक वेळ दिला की आडव्या रस्त्यावरील वाहने व पादचारी खोळंबतात. उलट, दिवे फार लवकर बदलले, तर प्रत्येक बदलाच्या वेळी काही सेकंद वाया जातात. यांतील मध्यम मार्ग काढण्याचे गणिती सूत्र वेब्स्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ साली मांडले. आजही अभियंते ते अभ्यासतात.

हमरस्त्यावर एकामागून एक चौक येतात, तेव्हा त्यांच्या सिग्नलांचा मेळ घालावा लागतो. दोन चौकांत ५०० मीटर अंतर असेल आणि वाहने सेकंदास १० मीटर वेगाने जात असतील, तर त्यांना ५० सेकंद लागतात. दुसऱ्या चौकातील हिरवा दिवा ५० सेकंदांनी लागला, म्हणजे वाहनांना पुन्हा थांबावे लागत नाही. काही ठिकाणी वाहनांची संख्या यंत्राने मोजून दिव्यांच्या वेळा आपोआप बदलतात.

तथापि, कितीही कुशल न्यायाधीश असला, तरी त्याचा निर्णय पाळणारे हवेत. एका चालकाने दोन रांगांपैकी एका रांगेत गाडी उभी करून ठेवली, की ६० ऐवजी ३० वाहनेच पार होतात. याहून मोठी चूक आणखी एक आहे. पुढे जागा नसताही केवळ हिरवा दिवा आहे म्हणून चालक चौकात शिरतो. इतक्यात दिवा बदलतो. तो चौकाच्या मध्यावर अडकतो व आडव्या रस्त्याची वाट रोखतो. मग त्या रस्त्यास हिरवा दिवा मिळूनही त्याचा उपयोग होत नाही. पाहता पाहता चारी बाजू जखडल्या जातात.

अशा वेळी मागे एखादी रुग्णवाहिका असेल, तर काय होईल? तिच्या भोंग्याचा आवाज ऐकूनही कोणास बाजूला सरकता येत नाही. आतील रुग्णाचे एकेक मिनिट मोलाचे असते. रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास दंड वा कारावास देण्याची तरतूद २०१९ साली कायद्यात करण्यात आली. परंतु जेथे हलावयास जागाच उरली नाही, तेथे कायदा तरी वाट कोठून काढणार? ती जागा आधीच राखावी लागते.

म्हणून सुज्ञ चालक हिरवा दिवा असताही पलीकडे जागा आहे की नाही, हे पाहतो. पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे थांबणारा चालक शाळेतील मुलांना व वृद्धांना त्यांची वाट देतो. पादचाऱ्यानेही आपल्या दिव्याची वाट पाहावी. सर्वांनी आपापला क्षण येईपर्यंत थांबावे, एवढीच चौकाच्या न्यायाची अपेक्षा आहे. थोडे थांबण्यात स्वतःचे काही सेकंद जातात. पण त्यामुळे कोणाचे तरी प्राण वाचू शकतात.

अभ्यास

१. सिग्नलला ‘न्यायाधीश’ का म्हटले आहे?
२. हिरवा दिवा असताही चालकाने केव्हा थांबावे? का?
३. दर फेऱ्यास ३२ वाहने आली, तर एका तासात रांग किती लांब होईल? पाठातील गणिताच्या आधारे काढा.
४. आपल्या गावातील एका गजबजलेल्या चौकाचे दहा मिनिटे निरीक्षण करा व त्याचे वर्णन लिहा.