रिकाम्या घरापासून सुरुवात
कमी अनुभव, थोडे भांडवल आणि उपनगरांतील घरसफाईचा धंदा

अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात कोठेही फिरले तरी एक गोष्ट नजरेत भरते. जुन्या तीन-चार मजली इमारती पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यातील प्रत्येक घरात माणसे राहायला येण्यापूर्वी लादीवाला, सुतार, रंगारी, प्लंबर, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा असे पाच-सहा कारागीर काम करून जातात. या कामांत आपल्या बांधवांचा वाटा किती आहे हे वाचकांना आम्ही सांगायला नको. पण हे सारे जण आपली हत्यारे गोळा करून निघतात तेव्हा मागे काय राहते? लाकडाचा भुसा, पुट्टीची पांढरी धूळ, काचेवर रंगाचे ठिपके आणि लादीवर सिमेंटचे डाग. घरमालक मग रोजच्या झाडू-पोछाच्या बाईला चार पैसे जास्त देऊन ते साफ करून घेऊ पाहतो. ते काम तिचे नसते आणि त्याची साधनेही तिच्याकडे नसतात. हे शेवटचे काम कोणी करायचे, या प्रश्नातच एक धंदा आहे.

घरसफाईचा धंदा करू इच्छिणारे तरुण बहुधा भरल्या घरापासून सुरुवात करण्याचा विचार करतात. दिवाळीपूर्वी किंवा रमजानपूर्वी संपूर्ण घराची सफाई, सोफा धुणे, स्वयंपाकघर घासणे वगैरे. आमचे मत याच्या उलट आहे. ज्याला अनुभव कमी आहे त्याने पहिले काही महिने फक्त रिकामी घरे घ्यावीत. रंगकाम झालेली, नवा ताबा मिळालेली, भाडेकरू सोडून गेलेली.

याची कारणे व्यवहाराची आहेत. रिकाम्या घरात फर्निचर कमी, म्हणून नुकसानीची भीती कमी. कपाटात दागिना नाही, म्हणून आळ येण्याचा प्रश्न नाही. काम दोन तास लांबले तरी घरात कोणी खोळंबून बसलेले नसते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे हात बसेपर्यंत शिकायला मोकळी जागा मिळते. शिवाय हे काम वर्षभर चालते. मुंबईत भाड्याचे करार बहुतेक अकरा महिन्यांचे होतात. करार संपला, भाडेकरू बदलला की घर चार-आठ दिवस रिकामे पडते आणि नवा भाडेकरू यायच्या आत मालकाला ते दाखवण्याजोगे करून हवे असते. अशा घरांची बातमी सर्वात आधी दोघांनाच कळते, इस्टेट एजंटला आणि रंगाऱ्याला. नव्या माणसाने जाहिरातीत पैसे घालण्याऐवजी या दोघांना जाऊन भेटावे. जो स्वतःच रंगारी किंवा सुतार आहे त्याला तर भेटायलाही जायला नको. आपल्या कामाच्या अंदाजपत्रकात शेवटी "सफाईसह" अशी एक ओळ वाढवली की झाले.

ओळखीच्या दारातून आत शिरण्याचे मोल किती, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड पुण्याला टेल्कोमध्ये अभियंता म्हणून नोकरी करत होते. त्याच कारखान्याच्या सफाईचे काम त्यांनी १९९७ मध्ये आठ कामगारांनिशी सुरू केले. त्यातून उभी राहिलेली बीव्हीजी ही कंपनी पुढे संसद भवनाच्या सफाईपर्यंत पोहोचली आणि २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका चालवू लागली. वाचकांनी लगेच संसद भवनाची स्वप्ने पाहावीत असा याचा अर्थ नव्हे. जिथे आपल्याला लोक ओळखतात आणि जिथली जागा आपल्याला आतून माहीत आहे तिथून त्यांनी आरंभ केला, एवढेच ध्यानात घ्यावे.

दगड ओळखा, मग बाटली उघडा

या धंद्यात नवखा माणूस फसतो तो बहुधा अंगमेहनतीत कमी पडून नव्हे, तर चुकीच्या जागी चुकीची बाटली ओतून. म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

मळ मुख्यतः दोन प्रकारचा असतो. स्वयंपाकघरातील तेलकट चिकटा हा एक आणि नळावर, बाथरूमच्या टाइलवर चढणारा पांढरा थर हा दुसरा. चिकटा सोड्याने सुटतो. धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून दहा मिनिटे लावून ठेवावा, घासण्याचे कष्ट निम्मे होतात. पांढरा थर क्षारांचा असतो, त्याला आम्ल लागते. तलावाचे पाणी येणाऱ्या घरात तो कमी दिसतो. बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या इमारतींत जाड दिसतो. सिमेंटचा डागही आम्लानेच निघतो. एवढे कळले की पुष्कळसे काम सोपे होते.

पण आम्ल कोठे चालत नाही हे आधी शिकले पाहिजे. संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे सारे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. त्यांवर आम्ल पडले की फेस येतो आणि चकाकी कायमची जाते. घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या इमारतींत मोझेकची लादी असते. तीही सिमेंट आणि संगमरवराच्या तुकड्यांची, म्हणून तिलाही आम्ल वर्ज्य. ओट्याचा काळा दगड ग्रॅनाइट आहे की कडप्पा, हे नुसते पाहून कळत नसेल तर कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले किंवा डाग पडला तर तो कडप्पा समजावा, आणि थेंब लगेच पुसून घ्यावा. लिंबूसुद्धा आम्लच आहे. व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक लादीला पातळ केलेले आम्ल चालते, मात्र सांध्यांतील सिमेंटवर ते फार वेळ राहू देऊ नये. स्टीलच्या सिंकवर टॉयलेट साफ करण्याचे द्रव सांडले तर तेथे डाग आणि खड्डे पडतात. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना तर आम्लही नको आणि कडक सोडाही नको. साधा भांड्यांचा साबण, ब्रश आणि कोमट पाणी पुरते.

आता जिवाशी संबंध असलेली गोष्ट. टॉयलेट साफ करण्याच्या बहुतेक बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. कपडे पांढरे करण्याच्या किंवा जंतुनाशक म्हणून मिळणाऱ्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. १९१५ साली बेल्जियमच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. चार बाय सहाच्या, एकच झरोका असलेल्या बाथरूममध्ये वाकून घासणाऱ्या मुलाच्या छातीत तो गेला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. "दोन्ही मिसळले की जास्त पांढरे होते" असे सांगणारे उस्ताद पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. एका जागी एका दिवशी एकच रसायन, आणि दुसरे वापरायचेच असेल तर आधी पाण्याने भरपूर धुऊन मग. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू देऊ नये. सुटे तेजाब विकत घेण्याच्या फंदातही पडू नये. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत, आणि घरसफाईला त्याची गरजही नाही.

याच संदर्भात आणखी एक. सोसायटीचे सेक्रेटरी काम पसंत पडले की म्हणतात, "आता आमची सेप्टिक टाकीही करून टाका." या कामाला स्वच्छ नकार द्यावा. २३ डिसेंबर २०१९ रोजी गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. पुढे त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जाऊन सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकी दहा लाखांच्या भरपाईचा आदेश मिळवावा लागला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उतरवणारा ठेकेदार त्यात सापडतो. उंच मजल्यावर खिडकीची बाहेरची काच पुसण्यासाठी मुलाला छज्जावर उभे करणे हाही त्याच जातीचा प्रकार होय. लांब दांड्याच्या वायपरने जेवढे होईल तेवढे करावे, उरलेले होणार नाही असे मालकाला आधीच सांगावे.

साधने आणि भाव

साधनांचा खर्च फार नाही. बादल्या, मॉप, मायक्रोफायबरची फडकी, पत्ती, वायपर, ब्रश, हातमोजे आणि रंगाऱ्याकडे असतो तसा घोडा. फडकी रंगवार ठेवावीत, संडास-बाथरूमचे फडके ओट्यावर फिरताना मालकिणीने एकदा पाहिले की पुन्हा बोलावणे येत नाही. माल मशीद बंदर व अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारातून आणल्यास स्वस्त पडतो. ओला-कोरडा व्हॅक्यूम सुरुवातीला भाड्याने घ्यावा. महिन्यातून आठ-दहा कामे मिळू लागली की मग विकतचा विचार.

कामाचा क्रम वरून खाली आणि कोरडे आधी, ओले नंतर. पंखे, माळा, भिंती, खिडक्या, मग ओटा, बाथरूम आणि सर्वात शेवटी लादी. सिमेंटच्या धुळीवर आधीच पाणी ओतले तर तिचा गारा होतो आणि एका तासाचे काम चार तासांवर जाते. काचेवरचा रंग काढताना काच साबणाच्या पाण्याने भिजवून पत्ती तिरकी धरावी. कोरड्या काचेवर पत्ती फिरवली की ओरखडा पडलाच.

भाव सांगताना घर पाहिल्याशिवाय आकडा बोलू नये, फोनवर तर मुळीच नाही. एक हिशेब नमुन्यादाखल देतो, आकडे आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा चारशे चौरस फुटांचे घर तिघांनी एका दिवसात करायचे आहे. माणशी ७०० प्रमाणे मजुरी २,१०० (यात मालकाने स्वतःचीही मजुरी धरावी, ती कोणी धरत नाही), साबण-रसायने-फडकी ३५०, व्हॅक्यूमचे भाडे ४००, येणे-जाणे २५०. एकूण ३,१०० रुपये. यावर २५ टक्के नफा ७७५ धरला तर भाव ३,८७५ होतो. आता तेच काम सिमेंटचे डाग न पाहता घेतले आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस गेला, तर मजुरी १,०५० ने वाढते. नफा तर जातोच, वर २७५ रुपये खिशातून जातात. म्हणून घर पाहायला जाण्याची एक फेरी ही फुकट गेली असे समजू नये.

येण्या-जाण्याचा खर्च हिशेबात लहान दिसतो, पण वेळ खातो. बादल्या आणि घोडा घेऊन लोकलच्या मालडब्यातून बोरिवलीहून अंधेरीला आणि तेथून घाटकोपरला जाणारा माणूस दिवसाला एकच काम करू शकतो. निदान पहिले वर्ष एका स्टेशनाची एकच बाजू धरावी.

कागदपत्रांची धास्ती बाळगू नये. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. गुमास्त्याच्या बाबतीत, माणसे थोडी असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीचे बंधन नाही.

भरल्या घरात जाताना

दहा-पंधरा रिकामी घरे झाली, हात बसला, की भरल्या घराची कामे घ्यावीत. येथे प्रश्न सफाईचा कमी आणि भरवशाचा जास्त असतो. नाव ऐकून दार पुढे ढकलले जाण्याचा अनुभव काही बांधवांना येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यावर वाद घालून काम मिळत नाही. ज्याच्या घरी आधी काम केले त्याचा शब्द, छापील पावती आणि प्रत्येक मुलाचा पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला, एवढे जवळ असले की फाटकावरचा पहारेकरी आणि सेक्रेटरी दोघांचाही सूर बदलतो.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो काढावेत. फुटलेली टाइल, तडकलेली काच, सैल नळ हे मालकाला दाखवून कागदावर लिहून घ्यावे. कपाटांना कुलूप लावण्यास आपणच सांगावे. त्यात कमीपणा नाही, उलट आपली सुटका आहे. खोलीत एकट्याने काम करू नये, दोघे असावेत. देवघर घरच्यांनी स्वतः करायचे की आपण, हे आधी विचारावे. घाटकोपर-मुलुंडकडे गुजराती-जैन घरे पुष्कळ; तेथे आपला डबा घरात न उघडता खाली जाऊन खावा.

पथकात एखादी तरी बाई असावी असा आमचा आग्रह आहे. दुपारच्या वेळी घरात बायकाच असतात आणि दोन अनोळखी पुरुषांना आत घेताना त्या कचरतात. घरची भावजय किंवा बहीण हिशेबाला आणि फोनला बसली तरी फरक पडतो. कामावर आली तर तिला मजुरी बरोबरीने द्यावी.

आता मोठ्या कंपन्यांचे. २०१४ मध्ये अर्बनक्लॅप नावाने सुरू झालेली आणि २०२० पासून अर्बन कंपनी म्हणवणारी कंपनी बाथरूम, स्वयंपाकघर, संपूर्ण घर अशा सफाया मोबाइलवरून विकते. २०२५ पासून मुंबईत तासावारी घरकामाची माणसेही पुरवू लागली आहे. भावात तिच्याशी झुंजू नये. तिचे दरपत्रक मात्र महिन्यातून एकदा पाहावे, गिऱ्हाईक आपला भाव कशाशी ताडून पाहणार ते कळते. आणि रंगाचे ठिपके, सिमेंटचे डाग, भाडेकरूने तीन वर्षे न घासलेला ओटा अशी कामे जिथे पाहून भाव सांगावा लागतो, तिथे शेजारच्या गल्लीतला माणूसच आधी पोहोचतो. दिवाळीच्या तोंडावर मागणी एवढी वाढते की नवी मुले हाताशी धरावी लागतात. त्यांना गणपतीनंतरच रिकाम्या घरांवर नेऊन तयार करावे.