औषध तेंच, पण किती दिवस ?

गरोदर स्त्रीनें कोणतेंच औषध घेऊं नये, असें कित्येक घरीं वडील बायका सांगतात. उलट, एकदां डॉक्टरांनीं दिलेलें औषध कितीही दिवस घेतलें तरी चालतें, असेंहि पुष्कळांस वाटतें. हे दोन्ही समज घातक आहेत. मॅग्नेशियम सल्फेट या एकाच औषधावरून आम्ही हें दाखवूं इच्छितों.

पूर्वी जुलाबासाठीं जें कडू मीठ देत असत तेंच हें औषध. मात्र येथें तें शुद्ध करून टोंचून देतात. गरोदरपणीं रक्तदाब वाढून आंकडी आली, तर आई व बाळ या दोघांच्याहि जिवावर बेततें. अशा वेळीं हें औषध तारक होय. सन २००२ मध्यें ३३ देशांतील १० हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेली चांचणी प्रसिद्ध झाली. तींत या औषधानें आंकडीचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाल्याचें आढळलें.

आतां दुसरी बाजू पाहूं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगांत सुमारें ३० ग्रॅम कॅल्शियम असतें. तें आईच्या रक्तांतून वारेच्या वाटेनें येतें, व त्याचा बहुतेक भाग शेवटच्या तीन महिन्यांत येतो. मॅग्नेशियमहि त्याच वाटेनें बाळाकडे जातें. तें आठवडेच्या आठवडे चालू राहिलें, तर बाळाच्या रक्तांतील कॅल्शियम उतरतें, आणि हाडें भरण्याऐवजीं विरळ व ठिसूळ होतात.

अमेरिकेंत अवेळीं येणाऱ्या कळा थांबविण्यासाठीं हें औषध कधीं कधीं दोन-तीन महिने देण्यांत आलें. अशा १८ बाळांच्या हाडांत दोष आढळले. कांहींच्या बरगड्या व हातापायांचीं हाडें मोडलेलीं होतीं. ज्यांची पुढील हकीकत कळली त्यांपैकीं बहुतेकांचीं हाडें सुदैवानें भरून आलीं. तथापि तेथील सरकारी औषध-खात्यानें ३० मे २०१३ रोजीं ताकीद दिली कीं, कळा थांबविण्यासाठीं हें औषध ५ ते ७ दिवसांहून अधिक सतत देऊं नये.

ही ताकीद ऐकून आंकडीच्या वेळीं कोणी नर्सबाईंची सुई नाकारूं नये. आंकडीसाठीं हें औषध साधारणतः प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या आंकडीनंतर २४ तासांपर्यंतच देतात. बाळाचीं हाडें राखावयास जाऊन त्याचा व आईचा जीव धोक्यांत घालणें हें शहाणपण नव्हे.

म्हणून आमच्या वाचकभगिनींनीं व त्यांच्या घरच्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या :

१. डोकें फार दुखूं लागलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, किंवा तोंडावर व हातांवर सूज आली, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

२. कोणतेंहि औषध घेतांना तें कशासाठीं, किती दिवस, व बंद केव्हां करावयाचें, हे तीन प्रश्न विचारावे.

३. घरांत उरलेलें किंवा शेजारणीनें दिलेलें औषध घेऊं नये. तसेंच फेफऱ्यासारख्या जुन्या दुखण्याचें चालू औषध आपल्या मनानें सोडूं नये.

४. चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या नियमानें घ्याव्या; मात्र लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळीं घेऊं नयेत.

विचारण्यांत लाज नाहीं. जी आई विचारून औषध घेते, ती आपल्याबरोबर बाळालाहि जपते.