फोमचें विमान: बांधणी, तारजोडणी व तपासणी

1878 सालीं अमेरिकेंतील एका गृहस्थांनीं प्रवासाहून परततांना आपल्या दोन धाकट्या मुलग्यांसाठीं एक खेळणें आणिलें. कागद, बांबू व बूच यांचें तें केलेलें होतें, आणि पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर तें हवेंत उडे. त्याची मूळ कल्पना फ्रान्समधील आल्फाँस पेनो याची. मुलांनीं तें मोडेपर्यंत उडविलें आणि मोडल्यावर स्वतःच्या हातांनीं दुसरें तयार केलें. ते मुलगे म्हणजे विल्बर व ऑर्व्हिल राइट. 17 डिसेंबर 1903 रोजीं किटी हॉकजवळच्या वाळूंत त्यांचें विमान प्रथम उडालें व 12 सेकंदांत 120 फूट गेलें. खेळण्यापासून विमानापर्यंतच्या या मार्गास 25 वर्षें लागलीं.

मध्यंतरीं दुसरी एक विद्या उदयास आली होती. 1898 सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नाव रेडिओलहरींच्या साह्यानें दुरून चालवून दाखविली. या दोन विद्यांचा संगम म्हणजे आजचें दूरनियंत्रित विमान. "सर, असें विमान घरीं करतां येईल काय?" असा प्रश्न आम्हांस दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतो. उत्तर असें कीं, अवश्य येईल. परंतु त्याचीं तीन अंगें आहेत: बांधणी, तारजोडणी व तपासणी. पहिल्या दोहोंकडे सर्वांचें लक्ष असतें. तिसऱ्याकडे आमचेंच दुर्लक्ष झालें, आणि त्याची किंमत आमच्या विद्यार्थ्यांस द्यावी लागली. ती हकीकत पुढें येईलच.

सांगाडा

वस्तूंच्या खोक्यांतून येणारा पांढरा दाणेदार थर्माकोल ठिसूळ असतो. त्याऐवजीं दाट व गुळगुळीत अंगाचा, 5 मिलिमीटर जाडीचा फोमचा तक्ता घ्यावा. पंख 100 सेंटिमीटर लांब व 18 सेंटिमीटर रुंद कापावा. त्याच्या पुढील अर्ध्या भागावर वरून फोमची दुसरी पट्टी चिकटवावी, म्हणजे पंखास जाडी व बळकटी येते. पोटाशीं आडवी एक बांबूची कामटी किंवा कार्बनची नळी बसवावी. ती नसेल तर पंख हवेंत मधोमध दुमडतो.

पंखाचीं दोन्ही टोकें मध्यापेक्षां सुमारें 5 सेंटिमीटर उंच ठेवावीं. कामटीही मधोमध तितक्याच कोनांत जोडावी. याचें कारण मननीय आहे. विमान एका अंगावर कलंडलें म्हणजे तें त्या बाजूस घसरूं लागतें. तेव्हां खालच्या अंगाच्या पंखास हवा अधिक उभ्या कोनांत भेटते, त्याची उचल वाढते आणि विमान पुन्हां सरळ होतें. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या निम्म्या चुका हा पंख आपण होऊन सावरून घेतो.

धड म्हणजे फोमची 75 सेंटिमीटर लांबीची चौकोनी पेटी. तिच्या मागील टोकास एक आडवें व एक उभें शेपूट. आडव्या शेपटाची मागची पट्टी वरखालीं हलते, तिला एलिव्हेटर म्हणतात. उभ्या शेपटाची पट्टी डावीउजवीकडे हलते, तें सुकाणू. पट्टीची कड तिरपी कापून चिकटटेप लाविली कीं उत्तम बिजागरी होते.

डिंकाविषयीं एक सूचना: पुष्कळसे तयार चिकट पदार्थ फोम अक्षरशः खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक डिंकाचा थेंब आधीं टाकाऊ तुकड्यावर टाकून पाहावा. गरम गोंदाची बंदूक चालते, परंतु गोंद फार तापूं देऊं नये व हात आखडता ठेवावा. गोंदासही वजन असतें.

वजन व तोल

आतां थोडें गणित करूं. सांगाडा 250 ग्रॅम, मोटर व पंखा 65, वेगनियंत्रक 25, दोन सर्व्हो 18, रिसीव्हर 10, बॅटरी 90, तारा, गोंद इत्यादि 40. एकूण 498 ग्रॅम. पंखाचें क्षेत्रफळ 1800 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 18 चौरस डेसिमीटर. भागाकार केला असतां प्रत्येक चौरस डेसिमीटरावर सुमारें 28 ग्रॅम भार येतो. हा आंकडा 35 च्या आंत असेल तर विमान सावकाश उडतें व शिकणाऱ्यास विचार करण्यास अवधि मिळतो. भार वाढला कीं हवेंत टिकण्यासाठीं वेगही वाढवावा लागतो, आणि वेग वाढला कीं चुकीस क्षमा नाहीं.

एकूण वजनाइतकेंच महत्त्व तें कोठें एकवटतें यास आहे. पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्के अंतरावर, म्हणजे येथें 4.5 ते 5.4 सेंटिमीटरांवर, पंखाखालीं दोन बोटें टेकून विमान उचलावें. तें आडवें राहिलें किंवा नाक किंचित् खालीं झुकलें तर तोल बरोबर आहे. शेपटी खालीं गेली तर बॅटरी पुढें सरकवावी. नाक जड असलेलें विमान कसेंबसें तरी उडतें. शेपटी जड असलेलें विमान हातांत राहत नाहीं.

तारजोडणी

मोटरीस तीन तारा असतात. त्या वेगनियंत्रकाच्या तीन तारांस जोडाव्या. मोटर उलटी फिरूं लागली तर त्यांपैकीं कोणत्याही दोहोंची अदलाबदल करावी. मोटरीवर 1000 केव्ही असें लिहिलेलें असेल तर तें हजारों व्होल्टांचें द्योतक नव्हे. भार नसतांना दर व्होल्टामागें मिनिटास 1000 फेरे, असा त्याचा अर्थ. 11.1 व्होल्टांच्या बॅटरीवर तिचे 11,100 फेरे होतील. पंखा बसविल्यावर अर्थातच कमी.

वेगनियंत्रकाच्या दुसऱ्या अंगास जाड तांबडी व काळी तार असते, ती बॅटरीकडे जाते. या दोहोंची उलटापालट झाली तर वेगनियंत्रक तत्क्षणीं जळतो. म्हणून उलटा बसूंच शकणार नाहीं असा जोड वापरावा. वेगनियंत्रकापासून निघणारी बारीक तीनपदरी तार रिसीव्हरच्या थ्रॉटल या खुंटीवर बसते. पुष्कळ वेगनियंत्रक याच तारेवाटें रिसीव्हरास व सर्व्होंस 5 व्होल्ट पुरवितात. आपला तसा आहे कीं नाहीं तें विकत घेतांनाच पाहावें.

सर्व्हो म्हणजे आज्ञेप्रमाणें हात वळविणारी लहान पेटी. तिच्या तारेंत काळा किंवा तपकिरी पदर ऋण, तांबडा धन, व पांढरा किंवा नारिंगी पदर आज्ञेचा. ही आज्ञा सेकंदास 50 वेळां एका ठोक्याच्या रूपानें येते. ठोका 1.5 मिलिसेकंद टिकला तर हात मध्यावर, 1 मिलिसेकंद टिकला तर एका टोकास व 2 मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या टोकास जातो. सर्व्हो केवळ ठोक्याची लांबी मोजतो. वर कोणतें व खालीं कोणतें, हें त्यास ठाऊक नसतें. हें वाक्य लक्षांत ठेवा, पुढें त्याचा उपयोग आहे.

रिसीव्हर 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी ग्रहण करतो. या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते, आणि अँटेनाच्या टोकाचा उघडा भाग तिच्या चतुर्थांशाएवढा, सुमारें 3 सेंटिमीटर, असतो. तो कापूं नये, दुमडूं नये व बॅटरीखालीं दडपूं नये.

बॅटरी

लिथियम पॉलिमर बॅटरींत तीन घट असतात. पूर्ण भरलेला घट 4.2 व्होल्ट दाखवितो, 3.5 व्होल्टांच्या आसपास विमान खालीं उतरवावें. 1000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 1 अँपिअरनें, आणि प्रत्येक घटाचा समतोल राखणाऱ्या चार्जरनेंच भरावी. उडतांना सरासरी 6 अँपिअर प्रवाह गेला तर हिशेबानें 10 मिनिटें मिळतात. पंचमांश शिल्लक ठेवावयाचा, म्हणून 8 मिनिटेंच उडवावें.

पालकांस आमची विनंती कीं, हें काम मुलांनीं एकट्यानें करूं नये. बॅटरी भरतांना ती फरशीवर, पडद्यांपासून व अंथरुणापासून दूर ठेवावी आणि कोणीतरी मोठें माणूस जवळ असावें. फुगलेली बॅटरी पुन्हां भरूं नये. तिला आग लागूं शकते. त्याचप्रमाणें मेजावर तारांची परीक्षा करतांना मोटरीवरील पंखा काढलेलाच असावा. मिनिटास कित्येक हजार फेरे घेणारा पंखा बोटाची गय करीत नाहीं.

आमची चूक

गेल्या हिंवाळ्यांत नववींतील सात विद्यार्थ्यांनीं अशाच मापांचें विमान तीन आठवडे खपून तयार केलें. उड्डाणाच्या आदल्या सायंकाळीं एलिव्हेटरच्या सर्व्होचे दांते तुटले. आम्हीं विमान घरीं नेलें व रात्रीं नवा सर्व्हो बसविला. पूर्वीच्या सर्व्होचा हात वरच्या अंगास होता. जागेच्या सोयीसाठीं आम्हीं नव्याचा हात खालच्या अंगास ठेविला. पट्टी हलते एवढें पाहिलें व निजलों. ती कोणत्या दिशेस हलते, हें पाहिलें नाहीं.

सकाळीं पीक निघालेल्या शेतांत मुलें जमलीं, कांहीं पालकही आले. विमान हातांत धरून उभी असलेली विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, काठी मागें ओढली कीं पट्टी खालीं जाते. ती वर जायला हवी ना?"

मंडळी वाट पाहत होती, वारा वाढूं लागला होता. आम्हीं म्हटलें, "काल रात्रीं सगळें पाहिलंय, बाळ. सोड आतां." तिनें विमान सोडलें. नाक किंचित् खालीं झुकलें. तें वर आणावें म्हणून आम्हीं काठी ओढली, तों तें अधिकच झुकलें. आणखी ओढली, तें आणखी झुकलें. तीन सेकंदांत विमान ढेकळांत रुतलें होतें. पंखा, मोटरीची बैठक व धडाचा पुढील भाग यांचा चुराडा झाला. कोणास इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा.

मुलें आम्हांस कांहींच बोललीं नाहींत. ती विद्यार्थिनी तर आपणच नीट फेंकलें नाहीं असें म्हणूं लागली. तेव्हां मात्र आम्हांस गप्प बसवेना. तिनें दोष आधींच दाखविला होता, आम्हीं तिचें ऐकलें नाहीं आणि चूक सर्वस्वीं आमची आहे, असें आम्हीं सर्वांसमक्ष व पालकांसमक्ष सांगितलें. शिक्षकास हें सांगणें जड जातें; परंतु तें न सांगतां उठलों असतों तर त्या मुलीनें पुन्हां कधीं प्रश्न विचारला नसता, आणि ती हानि विमानापेक्षां फार मोठी झाली असती.

तपासणी

दुरुस्तीस नऊ दिवस लागले. त्या अवधींत मुलांनीं एका पुठ्ठ्यावर तपासणीचा क्रम लिहून काढला. तो असा:

1. आधीं ट्रान्समीटर चालू करावा, नंतर विमानांतील बॅटरी जोडावी. उतरल्यावर आधीं बॅटरी काढावी, मग ट्रान्समीटर बंद करावा.

2. बोटांवर तोल पाहावा.

3. विमानाच्या शेपटीमागें उभें राहावें. काठी मागें ओढली कीं एलिव्हेटर वर गेला पाहिजे; काठी उजवीकडे नेली कीं सुकाणू उजवीकडे वळलें पाहिजे. नाकासमोर उभें राहून पाहिल्यास उजवें-डावें उलटें भासतें.

4. पंखा काढून व विमान घट्ट धरून मोटर मंद चालवावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर आपोआप थांबली पाहिजे.

5. एकानें क्रम वाचावा व दुसऱ्यानें पाहून उत्तर द्यावें. कालची तपासणी आज धरूं नये.

6. कोणीही "थांबा" म्हटलें कीं उड्डाण थांबेल. मग म्हणणारा पांचवींतील असो वा शिक्षक असो.

जागेविषयींही काळजी घ्यावी. आपल्या देशांत 2021 सालच्या ड्रोन नियमांनीं आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे विभाग केले. नियमांत फेरफार होतात, म्हणून उडविण्यापूर्वीं शासनाचा नकाशा व चालू नियम मोठ्या माणसासह पाहावे. विमानतळ, विजेच्या तारा, रस्ते व माणसांची गर्दी यांपासून दूर जावें, वाऱ्याच्या समोर तोंड करून विमान सोडावें आणि तें नजरेआड होऊं देऊं नये.

दहाव्या दिवशीं आम्ही पुन्हां त्याच शेतांत गेलों. त्या विद्यार्थिनीनें पुठ्ठा हातांत घेऊन क्रम वाचला. तिसऱ्या कलमाशीं ती थांबली व म्हणाली, "सर, पुन्हां एकदां दाखवा." आम्हीं काठी ओढली. पट्टी वर गेली. विमान 6 मिनिटें उडालें व ढेकळांत थोडेंसें उलटें होऊन उतरलें. कोठेंही मोडलें नाहीं.

तो पुठ्ठा आतां आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेला आहे. ज्यास घरीं विमान बांधावयाचें असेल, त्यानें खुशाल यावें व त्याची नक्कल करून न्यावी.